सत्तर अंश, पण किती वेळ?

उष्णताप्रेमी बुरशींवरचे संशोधनलेख वाचू लागले की एक साचा लवकरच ओळखीचा होतो. कंपोस्टच्या ढिगातून बुरशीचा नवा वाण मिळवला. तो गव्हाच्या कोंड्यावर वाढवला. त्याने बाहेर सोडलेल्या विकराचे, म्हणजे एन्झाइमचे, इष्टतम तापमान ६५ किंवा ७० अंश सेल्सिअस आढळले. सबब शेतातील काडीकचऱ्यापासून साखर आणि साखरेपासून इंधन बनवण्यास हा वाण उपयुक्त ठरेल. हे शेवटचे वाक्य तर जणू आधीच छापून ठेवलेले असते. असे लेख परीक्षणासाठी माझ्याकडेही येतात आणि दरवेळी लेखकांना एकच गोष्ट विचारावीशी वाटते : हे सत्तर अंश किती वेळासाठी?

विकर हे प्रथिन आहे. तापमान वाढवले की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. अभिक्रियेचा वेग वाढतो. ढोबळमानाने दर १० अंशांना दुप्पट. त्याच वेळी प्रथिनाची घडी मोडून ते निकामी होण्याचा वेगही वाढतो आणि तो एका मर्यादेनंतर फारच झपाट्याने वाढतो. प्रयोगशाळेतील चाचणी बहुधा १० ते ३० मिनिटांत आटोपते. तेवढ्या वेळात विकराचा बराचसा भाग तग धरून राहिला, तर आलेखाचे शिखर ७० अंशांवर दिसते. तेच विकर चोवीस तास कामाला जुंपले की शिखर डावीकडे, कमी तापमानाकडे सरकते. म्हणजे इष्टतम तापमान हा पाण्याच्या उत्कलनबिंदूसारखा पदार्थाचा अंगभूत गुण नव्हे. चाचणी किती वेळ चालवली यावर तो आकडा ठरतो. पेंढ्यातील सेल्युलोज फोडण्याचे काम कारखान्याच्या टाकीत सहसा दोन-तीन दिवस चालते. तेथे दहा मिनिटांच्या शिखराला काय किंमत द्यायची?

बुरशी आणि तिचे विकर यांची गल्लतही अशीच नेहमीची. कूनी आणि इमर्सन यांनी १९६४ साली दिलेली व्याख्या आजही वापरली जाते : जी बुरशी २० अंशांखाली वाढत नाही आणि ५० अंशांवर किंवा त्याहून वरही वाढू शकते, ती उष्णताप्रेमी. ही व्याख्या बुरशीच्या वाढीची आहे. तिच्या प्रत्येक विकराच्या टिकाऊपणाची हमी ती देत नाही. ट्रायकोडर्मा रीसी ही साधी, तिशीच्या आसपास खूश असणारी बुरशी. पण तिचे सेल्युलेज ५० अंशांवर बिनतक्रार वापरले जाते. उलट थर्मोमायसीस लॅन्युजिनोसस ही बुरशी ५० अंशांवर उत्तम वाढते, पण तिचे इन्व्हर्टेज पेशीतून वेगळे काढले की अस्थिर ठरते.

या संदर्भात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील भट आणि रमेश माहेश्वरी यांचा १९८७ सालचा शोधनिबंध मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी स्पोरोट्रिकम थर्मोफाइल ही उष्णताप्रेमी बुरशी अभ्यासली. (बिचारीचे नाव त्यानंतर किमान दोनदा बदलले आहे.) तिच्या द्रवात सापडलेली सेल्युलेजची क्रियाशीलता ट्रायकोडर्मापेक्षा बरीच कमी होती. आपल्या साच्यातील लेखकाने तिला तेथेच नापास केले असते. प्रत्यक्षात सेल्युलोज मात्र तिने ट्रायकोडर्मापेक्षा लवकर संपवले! बुरशीची वाढ औषधाने थांबवली तेव्हा द्रवात विकरे हजर असूनही सेल्युलोजचे विघटन मंदावले. एकट्या विकराच्या अर्कालाही सेल्युलोज थोडेफारच फोडता आले. म्हणजे काम करत होती ती वाढणारी, जिवंत बुरशी. गाळलेल्या द्रवातील 'युनिटे' मोजून तिचे सामर्थ्य कळत नव्हते. हा निबंध प्रसिद्ध होऊन इतकी वर्षे झाली, तरी युनिटे मोजून थांबणारे लेख येतच आहेत.

चाचणीसाठी घेतलेला पदार्थही तपासायला हवा. बहुतेक ठिकाणी पाण्यात विरघळणारे, रासायनिक फेरफार केलेले सेल्युलोज घेतात किंवा गाळणकागदाची ५० मिलिग्रॅमची पट्टी. दोन्हींत लिग्निन जवळजवळ नसतेच. पेंढ्यात ते असते. ते सेल्युलोजची वाट अडवते आणि विकरांना स्वतःला चिकटवून घेते. याची उलट बाजूही आहे. थिलाविया टेरेस्ट्रिस या उष्णताप्रेमी बुरशीचे एक प्रथिन एकट्याने सेल्युलोज फोडताना दिसत नसे. २०१० साली असे दाखवण्यात आले, की मक्याच्या प्रक्रिया केलेल्या धांड्यांवर ते इतर विकरांच्या सोबतीने घातले तर लागणाऱ्या विकरांचे प्रमाण चांगलेच घटते. शुद्ध सेल्युलोजवर हा परिणाम मिळत नव्हता. त्याच गटातील थर्मोअ‍ॅस्कसच्या प्रथिनाचा उलगडा २०११ साली झाला : त्याच्या गाभ्यात तांबे असते आणि ते प्राणवायूच्या साहाय्याने सेल्युलोजची साखळी तोडते. केवळ कागदाच्या पट्टीवर विसंबणाऱ्यांच्या हातून हे प्रथिन निसटलेच असते.

उष्णतेचा फायदा खोटा आहे असे मी म्हणत नाही. गरम टाकीत इतर जंतूंचा उपद्रव कमी होतो, घट्ट लगदा पातळ होतो. पण पानिपत येथे ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या इथेनॉल प्रकल्पासारख्या ठिकाणी, जेथे वर्षाला सुमारे दोन लाख टन भाताचा पेंढा वापरण्याची योजना आहे, हिशेब वेगळा असतो : एक किलो पेंढ्याला विकर किती ग्रॅम लागले, किती तासांत किती साखर सुटली. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने दोन वर्षे खपून हे आकडे दिले नाहीत, तर मार्गदर्शकाला जाब विचारला पाहिजे.

बीज मात्र शाळेतच पडते. पाठ्यपुस्तकातील तो घंटेच्या आकाराचा आलेख आठवा. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर वेग. वेळ कोठेच नाही. त्यावर उपाय वर्गातच करता येईल. पाण्याने पातळ केलेली लाळ चार परीक्षानळ्यांत घ्या. एक तशीच ठेवा. बाकीच्या ६० अंशांच्या पाण्यात २, १० आणि ३० मिनिटे ठेवून कोमट पाण्यात आणा. मग चारही नळ्यांत सारखीच भाताची गार, पातळ पेज घाला आणि दर मिनिटाला प्रत्येकीतील एक थेंब आयोडीनवर टाकून निळा रंग पाहा. तापमान तिन्ही नळ्यांना एकच दिले होते. तरीही त्या सारख्या का वागल्या नाहीत, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.