‘इडियट’ कादंबरीतील अपस्मार आणि विषाद

दस्तयेव्हस्कीची ‘इडियट’ ही कादंबरी १८६८-६९ या काळात ‘रूस्की व्हेस्तनिक’ या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा नायक प्रिन्स मिश्किन हा अपस्माराचा रोगी आहे, आणि हा रोग लेखकालाही होता. या कादंबरीतील अपस्माराचा विचार करताना वाचकाचे लक्ष बहुधा एकाच स्थळी खिळते: झटक्यापूर्वीच्या काही क्षणांत मिश्किनला होणारा, सर्व विसंवाद मिटविणारा तेजोमय आनंद. त्यामुळे रोगाला गूढानुभूतीचे वलय प्राप्त होते; परंतु त्या क्षणांची परिणती जडत्वात आणि आत्मिक अंधारात होते, हे मिश्किन त्याच ठिकाणी स्वतःशी मान्य करतो, याचे विस्मरण घडते.

वस्तुतः कादंबरीत या अंधाराचे चित्रण आनंदाच्या चित्रणाइतकेच सूक्ष्म आहे. पहिल्या भागात मिश्किन आपल्या स्वित्झर्लंडच्या प्रवासाची हकीकत सांगतो. लागोपाठ आलेल्या तीव्र झटक्यांनंतर त्याला असह्य खिन्नता आली होती, रडावेसे वाटत होते, सर्व काही परके भासत होते. बाझेलच्या बाजारात गाढवाचे ओरडणे कानी पडले तेव्हा कोठे मन स्वच्छ झाले. ऐकणाऱ्या मुली गाढवावर हसतात. खिन्नतेविषयी मात्र कोणी विचारीत नाही. चौथ्या भागात येपांचिन कुटुंबाच्या मेजवानीत चिनी फुलदाणी फुटते व मिश्किनला झटका येतो. दुसऱ्या दिवशी त्याची बुद्धी बऱ्यापैकी स्पष्ट चालत असली तरी त्याचा आत्मा रुग्ण आहे, असे निवेदक नोंदवितो.

‘उनीनिये’ हा रशियन शब्द येथे विचारार्ह आहे. त्याचा अर्थ विषाद. परंतु ऑर्थोडॉक्स धर्मपरंपरेत त्याची गणना प्रमुख पापवासनांत होते. म्हणजे रोग्याच्या मनःस्थितीसाठी भाषेने पुरविलेला शब्दच दोषाची छाया घेऊन येतो. दस्तयेव्हस्कीचे सहकारी स्त्राखोव्ह यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की, झटक्यानंतर आपण कोणी गुन्हेगार आहोत, आपल्यावर अज्ञात अपराधाचे ओझे आहे, असे त्याला वाटत असे. रोगजन्य खिन्नता आणि अपराधभाव यांची ही सांगड केवळ शब्दापुरती नव्हती, असे म्हणावे लागते.

कादंबरीची मर्यादाही येथेच दिसते. शीर्षकातील शब्द अपस्मार आणि बुद्धिमांद्य यांना एकाच नावाखाली आणतो, आणि शेवटी मिश्किनला पूर्ण बुद्धिभ्रंशाच्या अवस्थेत स्वित्झर्लंडला परत धाडून कथानक त्या नावावर शिक्कामोर्तब करते. या बाबतीत चरकसंहितेची मांडणी अधिक विवेकी वाटते: तेथे उन्माद आणि अपस्मार लागोपाठच्या, पण स्वतंत्र अध्यायांत येतात. शेजार मान्य आहे, अभेद नाही.

आजचे वैद्यकीय ज्ञान या शेजाराला दुजोरा देते. अपस्मार असलेल्या सुमारे चार व्यक्तींपैकी एकीला नैराश्य असते. हे नैराश्य केवळ रोगाच्या दुःखातून उपजत नाही. त्याचा मेंदूतील प्रक्रियांशी संबंध आहे, काही अपस्मारविरोधी औषधांचाही मनःस्थितीवर परिणाम होतो, आणि नैराश्य असलेल्यांना पुढे अपस्मार होण्याचा संभवही अधिक असतो. झटक्यानंतरची खिन्नता कित्येकदा काही दिवस टिकते. म्हणून झटके आटोक्यात आले की उपचार संपले, असे मानता येत नाही. मनःस्थितीची चौकशी स्वतंत्रपणे करावी लागते. त्यासाठी सहा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली २००६ पासून उपलब्ध आहे. मानसोपचार आणि योग्य देखरेखीखाली दिलेली नैराश्यविरोधी औषधे यांचा उपयोग होतो. झटके वाढतील या भीतीने ती सरसकट नाकारणे योग्य नव्हे.

मिश्किनच्या भोवती त्याच्यावर प्रेम करणारी, त्याची कीव करणारी, त्याला हसणारी माणसे पुष्कळ आहेत. झटका ओसरल्यावर मन कसे आहे, हे नेटाने विचारणारे त्यांत कोणी नाही. समीक्षेनेही केवळ त्या आनंदक्षणाचेच कौतुक केले, तर तीही याच मंडळींत जाऊन बसेल. ‘इडियट’चे न्याय्य वाचन व्हावयाचे, तर फुलदाणी फुटल्यानंतरचा तो दुसरा दिवसही तितक्याच काळजीपूर्वक वाचला गेला पाहिजे.