दुरुस्त, नादुरुस्त आणि खानदेश

दादासाहेब गायकवाडांवर जयंती-पुण्यतिथीला जे गौरवलेख निघतात, ते मी बरीच वर्षे वाचतो आहे. त्यांत काळाराम मंदिराचा सत्याग्रह असतो, १९५७ ते १९६२ लोकसभा, १९६२ ते १९६८ राज्यसभा आणि शेवटी १९६८ ची पद्मश्री. 'बाबासाहेबांचे निष्ठावंत सहकारी' हे पालुपद ठरलेले. सनावळी बिनचूक असते, माणूस मात्र सापडत नाही. कारण १९५९ साल दोन ओळींत उरकलेले असते.

त्या वर्षी नाशिकचा हा खासदार तेव्हाच्या पूर्व व पश्चिम खानदेशात, मराठवाड्यात पडीक सरकारी जमिनीसाठी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा करीत होता. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्ष फुटला. बी. सी. कांबळे यांचा गट 'दुरुस्त', म्हणून दादासाहेबांचा 'नादुरुस्त'. वाद तत्त्वाचा होता, असे आमचे विद्वान सांगतात. घटनात्मक मार्ग की रस्ता, कम्युनिस्टांची सोबत घ्यावी की नाही? तो होताच. पण सुटाबुटातल्या पदवीधराला धोतरवाल्याचे नेतृत्व खुपत होते, हेही होते. गौरवलेखांत ते येत नाही, कारण लिहिणारे आम्ही सगळे पदवीधर.

माझ्या घरातली पहिली पदवी माझी. धुळे जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीतून आजा-आजी त्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. पक्षफुटीचे आजीला काही ठाऊक नव्हते. "दादांनी बोलावलं, गेलो," एवढेच ती सांगे. आज मी जळगावात संसदीय लोकशाहीवर तास घेतो. त्या वेळी असतो तर कोणत्या गटात असतो? खरे सांगायचे तर, दुरुस्तांच्या.

६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेबांनी पुन्हा, या वेळी देशभर, सत्याग्रह केला. स्वतः राज्यसभेचे सभासद असताना! लाखो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. पुढे १९६७ च्या सुमारास त्यांनी काँग्रेसशी समझोता केला. त्याने चळवळीची धार बोथट झाली असे माझे मत आहे, आणि चरित्रकाराने तेही झाकू नये.

१९६४ च्या मागण्यांत भूमिहीनांना पडीक जमीन ही एक होती, आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र ही दुसरी. तैलचित्र १९९० साली लागले. आजाने नांगरलेला गायरानाचा तुकडा आमच्या सातबाऱ्यावर अजून चढलेला नाही.