बाहुलीचे कपडे बदलले तर

दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावर, नेहरू हाउसमध्ये, शंकर्स इंटरनॅशनल डॉल्स म्युझियम आहे. व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लै यांनी ते १९६५ साली उभे केले. हंगेरीच्या राजदूतांनी भेट दिलेली एक बाहुली ही त्याची सुरुवात. इथे स्पेनच्या वाट्याला फ्लामेन्को नर्तक आले आहेत. फ्लामेन्को मुळात दक्षिणेकडच्या अंदालुसियाचे. पण काचेमागे उभे राहिले की ते सबंध स्पेनचे होते.

हीच युक्ती खेळण्यांच्या बाजारात गेली की काय होते, हे पाहायला १९८० सालची हिस्पॅनिक बार्बी उपयोगी पडते. बार्बी जन्मली १९५९मध्ये. एकवीस वर्षांनी मॅटेल कंपनीने बार्बी हेच नाव देऊन एक काळी आणि एक हिस्पॅनिक बाहुली काढली. हिस्पॅनिक बार्बीला लाल घेरदार झगा, काळी शाल आणि गळ्याशी गुलाब. त्याच वर्षी अमेरिकेच्या जनगणनेत हिस्पॅनिक असण्याबद्दलचा प्रश्न प्रथमच सगळ्या घरांना विचारला गेला. मेक्सिकन, पोर्तोरिकन, क्यूबन अशा वेगवेगळ्या इतिहासांच्या माणसांसाठी सरकारकडे एक रकाना होता. कंपनीने त्या रकान्याला कपडे शिवले, तेही बरेचसे स्पॅनिश नाचाच्या वळणाचे.

‘साचेबंद चित्रण’ हा आक्षेप इथे सहज सुचतो, पण मला तो अपुरा वाटतो. खरी अडचण खेळाच्या नियमात आहे. फॅशनच्या बाहुलीची सगळी गंमत कपडे बदलण्यात. सोनेरी केसांच्या बार्बीला डॉक्टरचा कोट घाला की पोहण्याचा पोशाख, ती बार्बीच राहते. तिला विशेषण लागत नाही. हिस्पॅनिक बार्बीची ओळख मात्र मुख्यतः त्या झग्यात आणि शालीत ठेवलेली. मुलीने ते उतरवून डॉक्टरचा कोट चढवला, की विशेषण झग्याबरोबर खुंटीवर जाते. म्हणजे खेळायचे तर ओळख सोडायची आणि ओळख राखायची तर खेळायचे नाही.

१९८८मध्ये आलेल्या तेरेसाने यातून एक वाट काढली. तिला नाव होते, रोजचे कपडे होते, बार्बीची मैत्रीण म्हणून गोष्टीत जागा होती. पण पुढे तिचे केस आणि चेहरा इतके बदलत गेले की तिचे लॅटिन असणे जवळजवळ नावापुरतेच उरले. २०१८च्या फ्रीडा कालोच्या बाहुलीत तिसरीच गत झाली. तेहुआना पोशाख फ्रीडाने स्वतः निवडला होता, ती तिची भूमिका होती. बाहुलीत जुळलेल्या भुवया सौम्य झाल्या आणि जायबंदी शरीर नाहीसे झाले. हक्कांच्या वादात मेक्सिकोतल्या न्यायालयाने तिथली विक्री थांबवली. वाद हक्कांचा असला, तरी माझ्या मते मुद्दा हाच होता: कपडे घेतले, माणूस घेतला नाही.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला हे परके वाटू नये. शाळेतल्या ‘विविधतेत एकता’च्या कार्यक्रमात आमच्या मुलींना नऊवारी आणि नथ चढते तेव्हा त्या महाराष्ट्र होतात, दुसऱ्या दिवशी गणवेशात त्यांचे मराठीपण कुणी विचारत नाही. शंकर यांच्या संग्रहालयातल्या प्रांतोप्रांतीच्या वधूवरांच्या जोड्याही पोशाखावरच उभ्या आहेत. तरीही मी त्यांना हिस्पॅनिक बार्बीच्या रांगेत बसवणार नाही. तिथे प्रत्येक बाहुलीला विशेषण आहे, हंगेरीच्याही आणि जपानच्याही. बिनविशेषणाची, सगळ्यांचे माप ठरवणारी अशी एकही बाहुली तिथे नाही. शिवाय भारतीय बाहुल्या तिथल्याच कार्यशाळेत घडतात. १९८०च्या दशकात साडी नेसून आलेल्या भारतीय बार्बीबद्दल असे म्हणता येत नाही.

म्हणून प्रतिनिधित्वाची चर्चा ‘आमची बाहुली दुकानात आहे का’ या प्रश्नापाशी संपू नये. १९८०मध्ये ती दुकानात आली, हे थोडे नव्हते. आपल्या रंगाची बाहुली हातात येणे ही लहान मुलीसाठी मोठी गोष्ट असते. पण त्यापुढे विचारायला हवे, की त्या मुलीने बाहुलीचे कपडे बदलले तर ती कोण राहते? सणाची साडी काढून ठेवल्यावरही जी आपली वाटेल आणि जिला त्या साडीची लाजही वाटणार नाही, अशी बाहुली घडवायची तर शिंप्याआधी गोष्ट सांगणारा लागेल. ते काम साहित्याचे आहे.