स्वतःच्या छायेसमोर नायक : ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’

नायक आणि खलनायक यांचा संघर्ष हा कथनाचा सर्वांत परिचित आकृतिबंध होय. या आकृतिबंधाची एक शाखा मात्र वेगळ्या वाटेने गेलेली दिसते. तीत नायकासमोर उभा राहणारा शत्रू परका नसतो. त्याचा चेहरा, त्याची चाल, कधी कधी त्याचे नावही नायकाचेच असते. एकोणिसाव्या शतकातील पाश्चात्त्य कथेने या कल्पनेचा पुष्कळ वापर केला. एडगर अॅलन पो यांच्या ‘विल्यम विल्सन’ (१८३९) मधील प्रतिरूप नायकापेक्षा सज्जन आहे; ती त्याची कुजबुजणारी सदसद्विवेकबुद्धीच होय. तिला तलवारीने संपवताना नायक स्वतःचाच घात करतो. हान्स ख्रिश्चन अँडरसन यांच्या ‘छाया’ (१८४७) या कथेत तर एका विद्वानाची सावली त्याच्यापासून सुटते, धनवान होऊन परत येते, त्यालाच आपली सावली बनवते आणि अखेर त्याला देहदंड होतो. (सत्य, शिव, सुंदर यांवर ग्रंथ लिहिणाऱ्या विद्वानाची ही गत अध्यापकवर्गाने विशेष लक्षपूर्वक वाचावी अशी आहे.) स्टीव्हन्सन यांच्या डॉ. जेकिलची कथा (१८८६) सर्वश्रुतच आहे. या तिन्ही कथांत प्रतिरूपाशी गाठ पडणे म्हणजे विनाश; तिसरी वाट नाही.

ती वाट उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) या कादंबरीत सापडते. रोक बेटावरील विद्यालयात शिकणारा गेड हा तरुण, सहाध्यायाने डिवचल्यावर, केवळ अहंकारापोटी मृताचा आत्मा बोलावतो. त्या फटीतून एक अनाम छाया जगात शिरते. तिचा प्रवेश थोपवताना वृद्ध महागुरूचे प्राण जातात आणि गेडच्या चेहऱ्यावर कायमचा व्रण राहतो. पुढे बराच काळ तो पळत असतो. त्याचा पहिला गुरू ओगियन त्याला मागे वळून छायेचाच पाठलाग करण्याचा सल्ला देतो, आणि कादंबरीची दिशा उलटते: शिकार शिकारी होते. जगाच्या कडेपलीकडच्या समुद्रात दोघांची भेट होते तेव्हा कोणीही कोणावर मात करीत नाही. गेड छायेला तिच्या खऱ्या नावाने हाक मारतो, आणि ते नाव ‘गेड’ हेच असते.

या प्रसंगाचे कार्ल युंग यांच्या ‘छाया’ या संकल्पनेच्या आधारे केलेले वाचन आता इतके सरावाचे झाले आहे की ते वाचन राहिलेले नाही, शिक्का झाले आहे. आपण युंग नंतर वाचला असे खुद्द लेखिकेने सांगितले आहे. तिचा दीर्घकाळचा व्यासंग ताओवादाचा होता. ‘ताओ ते चिंग’चे तिने केलेले इंग्रजी रूपांतर १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य म्हणजे कादंबरीतील समेट मनोविश्लेषणाच्या परिभाषेत घडत नाही, तो भाषेच्या नियमाने घडतो. अर्थसीच्या जगात वस्तूचे खरे नाव जाणणे म्हणजे तिच्यावर सत्ता मिळवणे. छाया भयंकर ठरते ती अनाम आहे म्हणून. हा नियम पहिल्या प्रकरणांपासून वाचकाच्या अंगवळणी पडलेला असल्यामुळेच अखेरचा एक शब्द पुरेसा होतो.

कथनातील नियम अर्थाला जन्म देतो हे एकदा मान्य केले, की संगणकीय खेळांकडे साहित्याभ्यासकाने पाठ फिरवण्याचे कारण उरत नाही. कारण खेळ हा नियमांचाच बनलेला असतो. जॉर्डन मेकनर यांचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) भारतातही डॉस प्रणालीच्या संगणकांवर अनेकांनी खेळला. पण त्यातील मर्मस्थळाकडे समीक्षेचे लक्ष फारसे गेले नाही. चौथ्या टप्प्यात राजपुत्राची वाट एक आरसा अडवतो. त्यातून उडी मारल्याशिवाय सुटका नाही. उडी मारताच दुसऱ्या बाजूने त्याची छाया निसटते आणि त्याची प्राणशक्ती एका बिंदूवर येते. पुढे हीच छाया त्याच्या वाटेतले औषध पिऊन टाकते, ऐन वेळी दार बंद करून त्याला खाली पाडते. बाराव्या टप्प्यात ती तलवार उपसून उभी राहते. इथवर खेळाने खेळाडूला एकच धडा दिलेला असतो: समोर तलवार दिसली की वार करावा. इथे मात्र छायेवर केलेला प्रत्येक वार राजपुत्राच्याच प्राणशक्तीतून वजा होतो. तिला मारले तर तोही मरतो. उपाय एकच. तलवार म्यान करून पुढे चालत जायचे. दोन्ही आकृत्या एक होतात, आणि त्यानंतर जिथे पोकळी दिसते तिथे पावलाखाली जमीन उमटू लागते.

या छायेची जन्मकथा तिच्या अर्थाइतकीच बोलकी आहे. मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावताना, उड्या मारताना चित्रित करून त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या होत्या. अॅपल टू संगणकाच्या स्मृतीत दुसऱ्या पात्राच्या चित्रांसाठी जागा उरली नव्हती. तेव्हा राजपुत्राचीच चित्रे एका बिटने सरकवून मूळ चित्रांवर गणिती क्रियेने बसवण्यात आली, आणि झिरझिरीत, लखलखती छाया तयार झाली. शत्रूसाठी वेगळे द्रव्यच शिल्लक नसल्याने तो नायकाच्या द्रव्यातून घडला. हा योगायोग होता, हे खरे; पण त्याचा अर्थ ओळखून सबंध कथानक त्याभोवती फिरवणे हा योगायोग नव्हता.

सगळ्याच खेळांना हे साधलेले नाही. ‘झेल्डा २’ (१९८७) मध्ये अखेरचा शत्रू नायक लिंकची काळी प्रतिकृतीच आहे. परंतु तिला फक्त ठार करायचे असते, आणि पडद्याच्या एका कोपऱ्यात खाली बसून सतत तलवार खुपसत राहिले तरी काम भागते. स्वतःशी झालेला सामना असा कोपऱ्यात बसून जिंकता येत असेल, तर तो सामना कसला? तिथे प्रतिरूप ही केवळ सजावट उरते.

कादंबरी आणि खेळ यांतील भेद इथे तीव्र होतो. गेडने उच्चारलेले नाव वाचक ऐकतो. तलवार मात्र खेळाडूला स्वतःच्या बोटाने म्यान करावी लागते. आक्रमकता आवरण्याचा हा अनुभव कादंबरी देऊ शकत नाही. मात्र खेळाची मर्यादाही याच ठिकाणी आहे. मित्राकडून युक्ती आधीच कळलेल्या खेळाडूसाठी, किंवा दुसऱ्यांदा खेळणाऱ्यासाठी, तो संयम राहत नाही. दार उघडण्याच्या कळीसारखी ती एक कळ होते. उलट शेवट ठाऊक असूनही गेडची कथा पुन्हा वाचताना उणावत नाही, कारण त्या एका शब्दामागे सबंध पुस्तकाचा भार असतो. खेळाच्या माध्यमाला वाङ्मयीन दर्जा देऊ पाहणाऱ्यांनी या पुनर्वाचनाच्या प्रश्नाला सामोरे जायला हवे. ते सहसा टाळले जाते.

मेकनर यांच्या राजपुत्राला २००५ मध्ये ‘द टू थ्रोन्स’ या खेळात पुन्हा एक कृष्णरूप मिळाले. इथले कृष्णरूप प्रवासभर राजपुत्राच्या मनात बोलत असते, टोमणे मारते, सल्ले देते. अखेरीस त्याच्याशी लढत न राहता पाठ फिरवून चालू लागायचे असते. एकरूप व्हायचे नसते. तंत्र कितीतरी पुढे गेले होते आणि स्मृतीची टंचाई संपली होती. १९८९ ची छाया एक शब्दही बोलत नव्हती.