प्रच्छन्न प्रतीक आणि दृश्य वास्तव : यान व्हॅन आइकच्या आर्नोल्फिनी चित्राचा पुनर्विचार

पंधराव्या शतकातील फ्लेमिश व्यक्तिचित्रांच्या समीक्षेत वास्तव हे आवरण आणि प्रतीक हा गाभा, अशी विभागणी रूढ झाली आहे. तिचा मोठा आधार म्हणजे यान व्हॅन आइकचे लंडनच्या नॅशनल गॅलरीतील आर्नोल्फिनी दांपत्याचे चित्र (१४३४). एर्विन पानोफ्स्की यांनी १९३४ मध्ये या चित्रास विवाहाचा दस्तऐवज ठरविले. त्यांच्या मते कुत्रा म्हणजे निष्ठा, काढून ठेवलेली पादत्राणे म्हणजे स्थळाचे पावित्र्य आणि दिवसाउजेडी जळणारी एकमेव मेणबत्ती म्हणजे सर्वसाक्षी ईश्वर.

हे विवेचन विद्वत्तापूर्ण आहे. पण त्याचा पायाच पुढे ढासळला. ज्या जोवान्नी दि आरिगो आर्नोल्फिनीचा हा विवाह मानला गेला, त्याचा विवाह १४४७ मध्ये, म्हणजे चित्रकाराच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी झाल्याचे कागदपत्रांवरून उघड झाले. चित्रातील पुरुष त्याचा चुलतभाऊ असावा, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. मार्गारेट कोस्टर यांनी तर २००३ मध्ये हे दिवंगत पत्नीचे स्मारकचित्र असल्याचे सुचविले. तीच मेणबत्ती आता हयात पतीचे आयुष्य दर्शवू लागली! वस्तू जागची हलली नाही, अर्थ मात्र पालटला. प्रतीक जर वास्तवात पूर्णपणे दडलेले असेल, तर अमुक वस्तू प्रतीक नाही हे सिद्ध करण्याचा मार्गच उरत नाही. पानोफ्स्कींच्या पद्धतीची खरी दुर्बलता येथे आहे.

लॉर्न कॅम्पबेल यांनी १९९८ च्या सूचिग्रंथात नोंदविलेली अवरक्त तपासणीही या संदर्भात महत्त्वाची ठरते. कुत्रा व झुंबर यांचे आराखडे रंगाखालील रेखाटनात आढळत नाहीत. ते रंगकामाच्या ओघात आले. म्हणून ते निरर्थक ठरत नाहीत, परंतु पूर्वनियोजित प्रतीकयोजनेचा दावा मात्र टिकणे कठीण होते.

याउलट बहिर्वक्र आरशाच्या चौकटीवरील ख्रिस्ताच्या यातनांची दहा दृश्ये प्रच्छन्न नाहीत. ती उघड धार्मिक आहेत. तरीही खिडकीतून येणाऱ्या ज्या प्रकाशात झुंबराचे पितळ चमकते, त्याच प्रकाशात ही दृश्येही दिसतात. तैलरंगाच्या पारदर्शक थरांनी साधलेली ही एकात्मता 'आवरण' या शब्दात मावत नाही. आरशात दारातील दोन व्यक्ती दिसतात आणि वर भिंतीवर 'यान व्हॅन आइक येथे होता' असा लॅटिन लेख आहे. पानोफ्स्कींनी त्यास विवाहसाक्षीची सही मानले. विवाहाची कल्पना बाजूस सारली तरी उपस्थितीचा हा दावा उरतोच, आणि त्याला पुरावा आहे तो आरशात दिसणाऱ्या त्या खोलीचाच.