बहिणाबाई ‘सिंपल’ आहेत, म्हणजे नक्की काय आहेत?

प्रबंधाचा इंग्रजी सारांश लिहिताना मी बहिणाबाई चौधरींच्या कवितेला चार ठिकाणी ‘सिंपल’ म्हटलं होतं. मार्गदर्शकांनी चारही ठिकाणी पेन्सिलीने गोल केला आणि शेजारी लिहिलं, “कोणतं?” मला आधी प्रश्नच कळला नाही. तुम्हाला कळला?

मग शब्दकोश घेऊन बसले. सिंपल इंटरेस्ट म्हणजे सरळव्याज. सिंपल सेंटेन्स म्हणजे केवल वाक्य. गणित सिंपल असेल तर सोपं, कपडे सिंपल असतील तर साधे. आणि माणूस? साधा, सरळ, भोळा, जरा पुढे घसरलं की बावळट; ‘सिंपलटन’ त्यातूनच आलाय. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ एकपदरी.

मराठीत लिहिताना यातला एक शब्द निवडावाच लागतो. इंग्रजीत मी ती निवड टाळली होती. माझी घसरण बघा: भाषा सिंपल, म्हणून कविता सिंपल, म्हणून बाई सिंपल. सुरुवातीला ‘साधी’, शेवटी गुपचूप ‘भोळी’. त्या निरक्षर होत्या, गाणी 1952 साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली, हे आपण इतक्यांदा सांगतो की भोळेपणा आपोआप चिकटतो.

बरं, भाषा तरी सोपी आहे का? आसोदा-जळगावकडे असेल. माझ्या धुळ्याच्या मैत्रिणीच्या घरी अहिराणी बोलतात, तरी लेवा गणबोलीतल्या काही शब्दांवर ती अडते. पुण्याचा वाचक तर टीपाच शोधतो.

आता ‘कशाला काय म्हणूं नहीं’ ही कविता काढून वाचा. दिसतं तसं नाव द्यायचं नाही, ती वस्तू आपलं काम करते का ते बघायचं, असा तिचा हट्ट आहे. काम सोडलं की नावही गेलं. बोंडाशेजारी तोंड येतं, मोटेशेजारी पोट. म्हणजे शेतातली वस्तू आणि माणूस, दोघांना कसोटी एकच. पुढे ती आई-बापांनाही लावली जाते, भक्तीलाही. हे एकपदरी कसं म्हणायचं? वाक्यंसुद्धा बरीचशी ‘जो-तो’ धाटणीची, म्हणजे शाळेतल्या व्याकरणाप्रमाणे मिश्र! शब्दाला अर्थ कधी लागू होतो, यावर ही बाई वाद घालतेय, आणि मी तिला न तपासलेलं विशेषण लावून मोकळी झाले होते.

दोन ठिकाणी आता ‘प्लेन’ केलंय, तेही फक्त शब्दकळेबद्दल. तिसरं खोडलं. चौथ्या जागी अजून रेघ मारून ठेवलीय, आणि सारांश सोमवारी द्यायचाय.