मुद्रित वंशवृक्ष : एक परीक्षण

षष्ट्यब्दिपूर्तीस कुळाचा वंशवृक्ष व्यावसायिकाकडून सुबक छापवून चौकटींत भेट देण्याची चाल छत्रपति संभाजीनगरांत दिसूं लागली आहे. हेतु स्तुत्य आहे. परंतु जे पट आमच्या अवलोकनांत आले, त्यांत आधारांची वाण फार.

मुद्रकास पानें दोहों बाजूंस सारखीं हवीं असतात. म्हणून संशयित पिढीहि ठळक रेषेनें जोडली जाते, दत्तक औरसाच्या फांदीवर बसतो, निर्वंश शाखा गळते आणि कन्या बहुधा नसतातच. आजा व नातू यांचें नांव एकच असणें आपल्याकडे नित्याचें. तेथें दोन पुरुषांचा एक होतो. हस्तलिखित वंशावळींतील खाडाखोड शंका तरी राखून ठेवी. छपाई ती पुसून टाकते.

याच जिल्ह्यांतील वेरूळशीं निगडित भोसले कुळाचा वृत्तान्त सरफोजी राजे (दुसरे) यांनीं १८०३ मध्यें तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरांत मराठींत कोरविला. त्यांतील मालोजी-शहाजींस समकालीन कागदांचा आधार आहे. त्यांपूर्वीच्या दीर्घ परंपरेस केवळ शिलेवर आल्यानें प्रामाण्य येत नाहीं. मग छापील पटाची काय कथा?

यास्तव प्रत्येक नांवापुढें आधार नोंदवावा : वतनपत्र, महजर, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची वही किंवा वृद्धांची आठवण. संदिग्ध दुवा तुटक रेषेनें दाखवावा. एका घरीं पट भिंतीवर चढतांच जुनें दप्तर रद्दींत गेलेलें आम्हीं पाहिलें. पट पुन्हा छापतां येईल. तें दप्तर आतां कोठून आणावें?